भाऊ तीन रात्री जागतो, मग दोन दिवस झोपतो: उत्तेजक द्रव्यांच्या व्यसनात घरच्यांनी काय करावं?

ताई, तुमचा प्रश्न मी तीनदा वाचला. भाऊ २२ वर्षांचा. दीड वर्षापूर्वी परीक्षेच्या तोंडावर मित्राकडून ‘लक्ष लागायच्या’ गोळ्या घेतल्याचं त्यानेच तुम्हाला हसत-हसत सांगितलं होतं. आता तो दोन-तीन रात्री सलग जागतो. वजन उतरलंय, फोन आला की दार लावून घेतो, कुणीतरी आपल्यावर पाळत ठेवतंय असं अधूनमधून म्हणतो. मग अचानक दोन दिवस नुसता झोपून असतो. त्या दिवसांत ‘चला, आता तरी शांत झाला’ म्हणून घर सुटकेचा श्वास घेतं. तुम्ही विचारलंय की हे व्यसन आहे का, औषधाने सुटेल का, त्याला अ‍ॅडमिट करावं का, आणि शाळेत जाणाऱ्या धाकट्या बहिणीला यापासून कसं जपायचं.

मी मनोविकारतज्ज्ञ आहे आणि २३ वर्षं व्यसनमुक्तीचंच काम करतोय. चारही प्रश्नांवर लिहितो. पण आधी तुमच्या त्या ‘शांत झाला’पाशी थांबायला हवं, कारण मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटली.

या व्यसनात धोक्याची वेळ दोनदा येते. नशा चढलेली असते तेव्हाची वेळ सगळ्यांना दिसते. ती उतरते तेव्हाची बहुतेक घरांच्या नजरेतून सुटते, कारण माणूस झोपलेला असतो आणि झोपलेल्या माणसाची कुणाला भीती वाटत नाही. तुमचा भाऊ त्या दोन दिवसांत बरा होत नसतो, तो खाली कोसळलेला असतो. आणि तुमचं बोलणं त्याच्यापर्यंत पोहोचण्याची शक्यताही त्याच दिवसांच्या शेवटी सगळ्यात जास्त असते.

हे का होतं ते समजून घ्या, मग पुढचं सोपं जाईल. काही चांगलं घडलं किंवा घडणार असं वाटलं की मेंदूत डोपामाइन नावाचं रसायन सुटतं. काम झालं की पेशींवरचे छोटे पंप ते परत आत ओढून घेतात. कोकेन या पंपांचं तोंड बंद करतं, त्यामुळे डोपामाइन बाहेरच साचून राहतं. अ‍ॅम्फेटामाइन आणि मेथअ‍ॅम्फेटामाइन पेशीच्या आत शिरतात आणि पंपच उलटा फिरवतात, साठवलेलं सगळं बाहेर ओततात. मेफेड्रोनचं कामही साधारण असंच चालतं. ज्याला मुलं ‘एमडी’ म्हणतात ते बहुतेकदा हेच असतं. एमडीएमए हे वेगळं रसायन आहे, नावाच्या सारखेपणामुळे पालकच काय, घेणारेही गोंधळतात. साठा ओतून झाल्यावर जे उरतं ते म्हणजे रिकामेपण. म्हणून झोप, म्हणून भूक, म्हणून ती काळी उदासी.

सुरुवात गोळ्यांनी झाली याचं मला आश्चर्य वाटत नाही. या द्रव्यांची ओळख जगाला मौज म्हणून झालीच नाही, कामाची वस्तू म्हणून झाली. मेथअ‍ॅम्फेटामाइन पहिल्यांदा तयार केलं जपानच्या नागाई नागायोशी यांनी, १८९३ मध्ये. १९४१ पासून ते तिथे थकवा घालवणारं औषध म्हणून विकलं जाऊ लागलं, सैन्यात वापरलं गेलं, आणि युद्ध संपल्यावर उरलेला साठा बाजारात आला. व्यसन इतकं पसरलं की १९५१ मध्ये जपानला उत्तेजक द्रव्यांवर स्वतंत्र कायदा करावा लागला. ‘अजून थोडं जागता आलं तर बरं’ ही साधी गरजच याचं दार असते. तुमच्या भावाला बिघडलेला मुलगा समजू नका. बहुधा तो मागे पडायच्या भीतीने त्या दारातून आत गेलाय.

गोळ्यांबद्दल एक खुलासा करतो, कारण यावरून गैरसमज फार आहेत. मिथाइलफेनिडेटसारखी औषधं एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अति चंचलपणाचा विकार असलेल्या मुलांना दिली जातात. नीट निदान करून, ठरलेल्या मात्रेत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतली तर ती व्यसनाकडे नेत नाहीत, उलट त्या मुलांचं आयुष्य सावरतात. कुणाच्या घरी असं मूल असेल तर हे वाचून औषध बंद करू नका. अडचण येते ती दुसऱ्याची गोळी घेतल्याने, मात्रा स्वतःच वाढवल्याने, चुरा करून ओढल्याने. निरोगी माणसाची बुद्धी या गोळ्यांनी फारशी वाढतही नाही. वाढतो तो आत्मविश्वास आणि जागं राहण्याची ताकद. रात्री लिहिलेलं उत्तर उत्तम वाटतं, सकाळी वाचलं की कळतं.

आता ओळखायचं कसं. बाहुल्या मोठ्या दिसणं, दात-जबडा आवळणं, तोंड कोरडं पडणं, भूक मरणं, न थांबता बोलणं, त्वचा खाजवून-खाजवून जखमा करून घेणं, नाकातून रक्त येणं, अंगठ्यावर भाजल्याचे डाग, पैशांची न जुळणारी कारणं, ही यादी तुम्हाला कुठेही मिळेल. यातलं एकेक लक्षण दुसऱ्या कशानेही असू शकतं. थायरॉइड वाढला तरी वजन उतरतं आणि छाती धडधडते. बायपोलर आजाराच्या उन्मादातही माणूस रात्र-रात्र जागतो. म्हणून मी घरच्यांना सांगतो, एका लक्षणावर जाऊ नका, लय बघा. जाग, मग कोसळणं, मग दोन-चार दिवस बरे, की पुन्हा जाग. उन्मादातला माणूस असा ठरावीक अंतराने कोसळत नाही. एका वहीत रोज तीनच गोष्टी लिहा: तो कधी झोपला, कधी उठला, काय खाल्लं. पंधरा दिवसांची ती वही मला कुठल्याही संशयापेक्षा जास्त सांगते. लयीवरून द्रव्याचाही अंदाज येतो. कोकेनचा अंमल तासाभराच्या आत ओसरतो, मेफेड्रोनचा काही तासांत. म्हणून ती एका रात्रीत पुन्हा-पुन्हा घेतली जातात. मेथचा, म्हणजे मेथअ‍ॅम्फेटामाइनचा, अंमल अर्धा दिवस किंवा त्याहूनही जास्त टिकतो.

एकदा एका आईने मला मोबाइलवरचा फोटो दाखवला. जमिनीवर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर टेबलफॅनचे सुटे भाग, आणि कडेने सगळे स्क्रू, सगळ्यात लहानापासून मोठ्यापर्यंत एका रांगेत, मोजपट्टी लावल्यासारखे. पहाटे चारला मुलगा हे करत बसला होता. त्या म्हणाल्या, “किती दिवसांनी त्याला काहीतरी मन लावून करताना पाहिलं, म्हणून मी फोटो काढला.” पंखा पुन्हा कधीच जोडला गेला नाही. दुसऱ्या रात्री रेडिओ उघडला होता. उघडायचं, लावून ठेवायचं, पुन्हा लावायचं, आणि हेतू काहीच नाही, याला पंडिंग म्हणतात. हा शब्द स्वीडनमधल्या अ‍ॅम्फेटामाइन घेणाऱ्यांच्या बोलीतून आला, तिथल्या रायलँडर या डॉक्टरांनी १९७२ मध्ये तो वैद्यकात आणला. तुमच्या भावाच्या खोलीत असं काही दिसलं का, आठवून बघा.

गुपचूप लघवीची तपासणी करू नका. एक तर त्याला कळलं की विश्वास संपतो. दुसरं म्हणजे बाजारातली साधी किट अनेकदा मेफेड्रोन पकडतच नाहीत, आणि सर्दीच्या काही गोळ्यांनीही अ‍ॅम्फेटामाइनचा निकाल चुकून पॉझिटिव्ह येतो. शिवाय द्रव्य लघवीत साधारण दोन ते चार दिवसच सापडतं. ‘निगेटिव्ह’ आली म्हणून घर निश्चिंत होतं, आणि मुलाला तपासणी चुकवायची कशी तेवढं समजतं.

तुमचा पहिला प्रश्न होता, हे व्यसन आहे का. निदानासाठी आम्ही ११ निकष बघतो: ठरवलं त्याहून जास्त घेणं, सोडायचा प्रयत्न फसणं, तलफ, कामाचं-शिक्षणाचं नुकसान, धोका माहीत असून घेत राहणं, मात्रा वाढत जाणं, असे. वर्षभरात यातले दोन-तीन असले तर सौम्य, चार-पाच असले तर मध्यम, सहा किंवा त्याहून जास्त असले तर गंभीर. तुमच्या पत्रावरून निदान करणं चूक ठरेल. पण जे लिहिलंय ते पाहता त्याला तज्ज्ञाकडे न्यायची वेळ आली आहे, याबद्दल मला शंका नाही.

पाळत ठेवली जातेय हे त्याचं म्हणणं हलक्यात घेऊ नका. लंडनच्या फिलिप कॉनेल यांनी १९५८ मध्ये ४२ रुग्णांचा अभ्यास करून दाखवलं, की अ‍ॅम्फेटामाइनने होणारा मानसिक बिघाड स्किझोफ्रेनियाहून वेगळा ओळखता येत नाही इतका हुबेहूब असू शकतो. संशय, आवाज ऐकू येणं, कातडीखाली किडे चालताहेत असं वाटणं. बहुतेकांमध्ये द्रव्य थांबल्यावर काही दिवसांत हे विरतं. महिनाभर थांबूनही राहिलं तर मूळचा मानसिक आजार आहे का ते शोधावं लागतं. आणि एकदा असा बिघाड झालेल्या माणसाला पुढे कमी मात्रेनेही, नुसत्या जागरणाने आणि ताणानेही तो पुन्हा होऊ शकतो. संशयात असताना त्याच्याशी वाद घालू नका, होकारही भरू नका. “मला असं दिसत नाही, पण तुला भीती वाटतेय हे कळतंय,” एवढं म्हणा. मंद उजेड, कमी माणसं, दाराची वाट मोकळी.

काही गोष्टींसाठी मात्र तज्ज्ञाची वेळ घेत बसू नका, थेट इमर्जन्सीत न्या. छातीत दुखणं वय बघून सोडून देऊ नका. १९९९ मधल्या एका अभ्यासात कोकेन घेतल्यानंतरच्या पहिल्या तासात हार्ट अटॅकचा धोका सुमारे २४ पट वाढलेला दिसला होता. अचानक भयंकर डोकेदुखी, अर्धं अंग लुळं पडणं, बोबडं बोलणं, फिट, हेही तसंच. आणि अंग तापणं. हा ताप जंतूंचा नसतो, स्नायूंनी आणि बिघडलेल्या शरीराने तयार केलेली उष्णता असते. तिच्यावर तापाची गोळी चालत नाही. कपडे सैल करा, अंगावर पाणी शिंपडा, पंखा लावा आणि निघा. चवताळलेला असेल तर चार जणांनी पालथं दाबून धरू नका, त्यात जीव जातो. दारूबरोबर कोकेन घेतलं असेल तर शरीरात कोकाएथिलीन नावाचं तिसरंच रसायन तयार होतं, ते हृदयाला आणखी जड जातं. पावडरीत अफूच्या जातीचं फेंटानिलसारखं काही मिसळलेलं असेल तर चित्र उलटं दिसतं: श्वास मंद, ओठ निळे, हाक मारून उठत नाही. तेव्हा नॅलॉक्सोन, म्हणजे अफूच्या जातीच्या द्रव्यांवरचा उतारा लागतो, आणि तोही मिनिटांत. डॉक्टरांपासून काय घेतलं ते लपवू नका. हृदयाची गती कमी करणारी काही नेहमीची औषधं कोकेनच्या रुग्णाला सहसा टाळली जातात, आणि पहिला भर शामक औषधावर असतो. तुमची लाज राखायला डॉक्टरांना अंधारात ठेवलंत तर त्याची किंमत तो मोजेल.

आता पुन्हा त्या झोपेकडे येतो. पहिले एक ते तीन-चार दिवस प्रचंड झोप आणि भूक. घर समजतं, संकट टळलं. त्यानंतरचे दोन-तीन आठवडे खरे कठीण. कशातच चव लागत नाही, गाणं ऐकलं तरी नुसता आवाज वाटतो, माणसं काचेपलीकडची वाटतात. अपराधीपण आणि पैशांची देणी एकदम समोर येतात. याच काळात आत्महत्येचे विचार येतात.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मी एक चूक केली, ती आजही मला टोचते. एका मुलाला घरचे घेऊन आले, तो कोसळून दीड दिवस झाला होता, पेंगत होता. मी हृदय तपासलं, रक्तदाब पाहिला आणि म्हणालो, झोपू द्या, आठवड्याने या. जगावंसं वाटतं का, हा प्रश्न मी त्याला विचारलाच नाही. चौथ्या दिवशी त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला. तो वाचला. आज तो दुसऱ्यांना सोडायला मदत करतो. पण त्या दिवसापासून कोसळलेल्या प्रत्येक माणसाला मी तो प्रश्न विचारतो, आणि घरच्यांनाही विचारायला सांगतो. सरळ शब्दांत: “जगणं नकोसं झालंय का? मरायचा विचार मनात येतो का?” विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. उलट इतके दिवस एकट्याने ओढलेलं ओझं कुणालातरी दिसलं, असं त्याला वाटतं. उत्तर ‘हो’ आलं तर त्याला एकटं ठेवू नका, हाताशी येणाऱ्या धोक्याच्या वस्तू आणि गोळ्या हलवा, त्याच दिवशी डॉक्टरांकडे चला.

झोपेत त्याला हलवून-हलवून उठवू नका, पण दर काही तासांनी श्वास आणि रंग बघा. पाणी उशाशी ठेवा. घरातल्या कुणाच्या झोपेच्या गोळ्या देऊ नका. आणि तो उठून खायला बसला की बोला. चढलेल्या माणसाशी बोलणं म्हणजे धावत्या गाडीच्या मागे ओरडणं. उतरल्यावर मात्र साधारण दिवसभराची फट मिळते, तलफ पुन्हा डोकं वर काढायच्या आधीची. त्या वेळात शपथा घ्यायला लावू नका, ‘आम्ही तुझ्यासाठी काय-काय केलं’ सुरू करू नका, नातेवाइकांची बैठक बसवू नका. “तू तीन रात्री जागलास, मग दोन दिवस उठला नाहीस. मला भीती वाटली. काय चाललंय ते तुझ्याकडून ऐकायचंय.” मग गप्प बसा. गप्प बसणं घरच्यांना सगळ्यात अवघड जातं, पण तिथेच तो बोलतो.

हे मी नुसत्या अनुभवावरून म्हणत नाही. रॉबर्ट मायर्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी घरच्यांना शिकवायची एक पद्धत बसवली, क्राफ्ट नावाची. तिचा गाभा असा: न घेतलेल्या वेळी माणसाला जवळ घ्यायचं, घेतलेल्या वेळी त्याच्या चुका निस्तरत बसायचं नाही, आणि उपचाराचं निमंत्रण योग्य क्षणी, आधीपासून तयार ठेवून द्यायचं. १९९९ मध्ये दारूच्या रुग्णांच्या घरच्यांवर झालेल्या तुलनेत या पद्धतीने ६४ टक्के रुग्ण उपचाराला आले. सगळ्यांनी मिळून समोरासमोर जाब विचारण्याच्या पद्धतीने ३० टक्के. म्हणून भावाशी बोलण्याआधी तुम्ही स्वतः एकदा तज्ज्ञाला भेटा. त्याने ‘हो’ म्हटल्यावर अपॉइंटमेंट शोधायला तीन आठवडे गेले तर ते ‘हो’ शिल्लक राहत नाही.

औषधाने सुटेल का? दारू आणि अफूच्या व्यसनावर आमच्याकडे चांगली औषधं आहेत. उत्तेजक द्रव्यांवर तसं सर्वमान्य, मंजूर औषध आजही नाही. कुणी ‘एका इंजेक्शनने बंद’ म्हणत असेल तर पाठ फिरवा. २०२१ मध्ये मेथच्या ४०३ रुग्णांवर नालट्रेक्सोनचं इंजेक्शन (दारू-अफूच्या व्यसनावरचं औषध) आणि ब्युप्रोपिऑन (नैराश्यावरचं औषध) एकत्र देऊन पाहिलं. प्रतिसाद, म्हणजे लघवी बहुतेक वेळा स्वच्छ येणं, १३.६ टक्के; नुसत्या दिखाऊ औषधाने (प्लासिबोने) २.५ टक्के. फरक खरा आहे, पण आकडा लहान आहे. काही निवडक रुग्णांना मी हा मार्ग सुचवतो, हमी म्हणून नाही. नैराश्य टिकून असेल, संशय-भास असतील, एडीएचडी मुळात असेल, तर त्यांची औषधं द्यावीच लागतात. एडीएचडीचं निदान मात्र जागरणाच्या दिवसांत करायचं नसतं. लहानपणची शाळेची प्रगतिपुस्तकं घेऊन, द्रव्य थांबल्यावर करायचं असतं.

सगळ्यात जास्त पुरावा ज्या उपचाराचा आहे तो ऐकून बहुतेक घरचे नाराज होतात. अमेरिकेतल्या व्हरमाँट विद्यापीठात स्टीफन हिगिन्स यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कोकेनच्या रुग्णांवर तो आजमावला. आठवड्यातून दोन-तीनदा लघवी तपासायची, स्वच्छ आली की लगेच, त्याच जागी, एक कूपन द्यायचं. सलग स्वच्छ येत राहिली तर कूपनची किंमत चढत जाते, खराब आली तर पुन्हा पहिल्या पायरीवर. रागावणं नाही, हाकलणं नाही. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांमध्ये २०११ पासून ही पद्धत चालू आहे. “चांगलं वागायचे पैसे द्यायचे का?” असं वडील मला विचारतात. मी सांगतो, त्याच्या मेंदूत लांबच्या बक्षिसाला सध्या काही वजन उरलेलं नाही. डिग्री, नोकरी, तुमचा अभिमान हे सगळं त्याला धुक्यापलीकडचं आहे. द्रव्य काही सेकंदांत-मिनिटांत बक्षीस देतं. त्याच्याशी टक्कर द्यायला आमच्याकडेही आज, आत्ता, हातात देता येईल असं काहीतरी हवं.

माझ्याकडे एक मुलगी यायची, ती कूपन वापरायचीच नाही, वहीत चिकटवायची. अकराव्या आठवड्यात तिने ती वही माझ्यासमोर उघडली आणि पानांवरून बोट फिरवत राहिली. कुठल्या दिवशी कशी होते ते तिला कूपन बघून आठवत होतं. मंगळवार, पाऊस, खूप तलफ, तरी आले. इतकं जवळून स्वतःकडे तिने आधी कधी पाहिलं नव्हतं.

याच्या जोडीला समुपदेशन लागतं: तलफ कशाने उठते ते ओळखणं, तो नंबर ब्लॉक करणं, पैसे हातात येण्याच्या दिवसाचं आधीच नियोजन, रिकाम्या संध्याकाळी काय करायचं ते ठरवणं. तलफ लाटेसारखी चढते आणि बहुतेकदा अर्ध्या तासात उतरते. ती लाट जाऊ देण्याचा सराव करता येतो. सुई वापरली असेल तर एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी तपासून घ्यावं लागतं. सुई नसली तरी, नशेत असुरक्षित संबंध आले असतील तर एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी तपासायलाच हवं.

अ‍ॅडमिट करावं का? नुसतं ‘अंगातून काढायला’ म्हणून नाही. दारूसारखे जीवघेणे झटके उत्तेजक द्रव्य थांबवल्याने सहसा येत नाहीत. आत्महत्येचा धोका, भास-संशय, हृदयाचा त्रास, गरोदरपण, सोबत दारू किंवा अफूचं व्यसन, किंवा घरीच माल येत असेल, तर अ‍ॅडमिट करणं योग्य. पण फसवून गाडीत घालून, कुलपाआड महिनोन्महिने ठेवणाऱ्या, मारहाण करणाऱ्या जागी नेऊ नका. संयुक्त राष्ट्रांच्या १२ संस्थांनी २०१२ मध्ये एकत्र निवेदन काढून अशी सक्तीची कोंडवाड्यासारखी केंद्रं बंद करा असं सांगितलं होतं. मी तिथून बाहेर आलेले रुग्ण पाहतो. ते द्रव्यावर नाही, घरच्यांवर चिडलेले असतात, आणि पहिल्या संधीला पुन्हा घेतात. आधीच्याच मात्रेत, जी आता शरीराला झेपत नाही.

किती दिवस लागतील? मोकळेपणाने सांगायचं तर महिने नाही, वर्ष धरा. अमेरिकेतल्या मेंदूसंशोधक नोरा व्होल्कोव्ह यांच्या गटाने २००१ मध्ये मेथ सोडलेल्या पाच जणांचे मेंदू स्कॅन केले, सोडल्यावर सहा महिन्यांच्या आत एकदा आणि १२ ते १७ महिन्यांनी पुन्हा. कमी झालेले ते डोपामाइनचे पंप बऱ्याच प्रमाणात परत आलेले दिसले. स्मरणशक्ती आणि हालचालींच्या चाचण्यांत मात्र तेवढी सुधारणा नव्हती. पाचच माणसं, पण माझ्या रुग्णांत मी जे पाहतो त्याच्याशी हे जुळतं. चौथ्या-पाचव्या महिन्यात ‘सगळं सोडूनही काहीच बरं वाटत नाही’ म्हणून माणूस खचतो, आणि घरचे ‘आता काय नाटक’ म्हणतात. ते नाटक नसतं, भरून यायला वेळ लागतोय इतकंच. मध्ये एखाद-दोनदा पाय घसरेल. घसरला की त्याच दिवशी येऊन सांगता येईल असं वातावरण घरात ठेवा. लपवायला लागला की एका दिवसाचं घसरणं महिनाभराचं होतं.

धाकट्या बहिणीबद्दल. भयंकर चित्रं दाखवून, व्याख्यानं देऊन मुलं दूर राहत नाहीत, अशा कार्यक्रमांचा परिणाम फारसा टिकत नाही हे अनेकदा दिसलंय. आइसलँडने १९९० च्या दशकाच्या अखेरीस वेगळी वाट धरली: शाळेनंतरच्या वेळात खेळ-संगीताची स्वस्त सोय, रात्री मुलांनी घरी असण्याच्या वेळा, पालकांचे आपसांतले करार, आणि दरवर्षी मुलांनाच विचारून घेतलेली माहिती. १५-१६ वर्षांच्या मुलांत गेल्या महिन्यात दारूची नशा केल्याचं सांगणारी १९९८ मध्ये ४२ टक्के होती, २०१६ मध्ये ५ टक्के. आकडे दारूचे आहेत, पण सिगारेट आणि गांजाही घटले. तुमच्या घरात याचा अर्थ साधा आहे. तिच्या संध्याकाळी रिकाम्या ठेवू नका, झोपेवर तडजोड करू नका, मार्कांसाठी रात्र जागण्याचं कौतुक करू नका. भावाला काय झालंय ते तिच्या वयाला समजेल अशा शब्दांत सांगा. घरात काहीतरी लपवलं जातंय हे तिला आत्ताही कळतंय. दुसऱ्याची गोळी, अगदी बेस्ट फ्रेंडची असली तरी, घ्यायची नाही, हा नियम तिच्याशी कारणासकट बोला. आणि तिच्याकडेही बघा. अशा घरांत शहाणं मूल सगळ्यांच्या नजरेआड जातं.

या आठवड्यात तुम्ही करायचं ते इतकंच: वही सुरू करा, जवळच्या मनोविकारतज्ज्ञाची किंवा व्यसनमुक्ती ओपीडीची वेळ आधी स्वतःसाठी घ्या, आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा की त्याच्या जागरणाच्या दिवसांत कुणी विषय काढायचा नाही. तो पुढच्या वेळी कोसळेल, आणि मग झोप पुरी करून उठेल, हातात ताट घेऊन बसेल. त्या वेळी टीव्ही बंद करा, बाकीच्यांना जरा बाहेर पाठवा आणि तुम्ही एकट्याच त्याच्यासोबत बसा. आधी त्याला चार घास खाऊ द्या. आणि माझ्यासारख्या कुणाकडे याल तेव्हा ती झोपेची वही सोबत आणा.